अजून वीस मिनिटं

बाळ रडलं तेव्हा त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

झालं ते एवढंच. २०१६चा मे महिना संपत आला होता, लेक जेमतेम आठ आठवड्यांची होती आणि मी पहिल्यांदाच शेजारीणबाईंकडे चहाला गेले होते. आई आदल्या आठवड्यात मुंबईला परत गेली होती. ती होती तोवर आमच्या लंडनच्या दोन खोल्यांना अहळिवाच्या खिरीचा, कोमट तेलाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास होता. त्या धुरीनं दोनदा छताचा अलार्म वाजवला, तरी आईनं धुरी सोडली नाही; नवऱ्याला स्टुलावर चढवून अलार्मखाली वर्तमानपत्र हलवायला लावलं. ती गेली आणि घर एकदम गप्प झालं. नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडायचा. मग संध्याकाळी सातपर्यंत मी, बाळ आणि खिडकीबाहेरचं करडं आभाळ. अशात कुंपणापलीकडून ब्याण्णव वर्षांच्या बाईंनी ‘चहाला ये, पोरीला घेऊन ये’ म्हटलं, तेव्हा मी केस विंचरायलाही थांबले नाही. त्यांच्या सोफ्यावर दोन उशांच्या मध्ये बाळाला ठेवलं. चहा कपात ओतून होतो न होतो तोच ती रडायला लागली. मी बशी खाली ठेवत होते, तेवढ्यात मला दिसलं की बाईंची नजर आधी घड्याळाकडे गेली आणि मग बाळाकडे. “अजून वीस मिनिटं आहेत की,” त्या म्हणाल्या. दोनला वीस कमी होते.

मी बाळाला उचललं, कशीबशी पाच मिनिटं बसले आणि काहीतरी निमित्त काढून घरी आले. आईला फोन लावला. ती म्हणाली, “जाऊ दे गं, गोऱ्यांचं काळीजच वेगळं असतं.” मला ते पटलं नव्हतं, पण त्या दिवशी ऐकायला बरं वाटलं.

रात्री दूध पाजताना मात्र ती मान वळलेली पुन्हा पुन्हा दिसत राहिली. बाईंचा थोरला मुलगा सत्तरीला टेकला होता. दर रविवारी तो गाडी घेऊन यायचा आणि त्यांची कचऱ्याची पिंपं रस्त्यावर काढून ठेवायचा. म्हणजे त्या मानेला ती सवय लागून जवळजवळ सत्तर वर्षं झाली होती. काल दुपारी काय खाल्लं ते बाईंना आठवायचं नाही. पण रडणं कानावर आलं की आधी किती वाजले ते बघायचं, हे त्यांच्या अंगातच मुरलं होतं. पोहायला शिकलेला माणूस पाण्यात पडल्यावर हात मारतो, तसं.

मी पुन्हा गेले. खरं तर घरी बसून करायचं तरी काय होतं?

सहा, दहा, दोन, सहा, दहा. बाईंनी हे आकडे पाढा म्हणावा तसे म्हटले. मूल १९४६च्या ऑक्टोबरात झालं आणि दहाव्या दिवशी, अंथरुणातून पाय खाली ठेवायची परवानगी मिळाली त्याच दिवशी, हे आकडे कागदावर लिहून हातात आले. दर चार तासांनी पाजायचं, रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत काही नाही. मध्ये रडलं तर रडू द्यायचं. उचललं तर ते तुम्हाला ओळखतं आणि मग आयुष्यभर वाकवतं. हे वेळापत्रक ट्रुबी किंग नावाच्या न्यूझीलंडच्या डॉक्टरांचं. ते १९३८मध्येच वारले होते, पण इंग्लंडातल्या नर्सबाई आणि तान्ह्या मुलांचे दवाखाने त्यानंतरही कित्येक वर्षं त्यांच्याच शब्दावर चालत होते. हे गृहस्थ मूळचे मनोरुग्णालयाचे अधीक्षक, आणि बाळांच्या दुधाचा विचार त्यांच्या डोक्यात आला तो तिथल्या गोठ्यातल्या वासरांच्या हगवणीवरून. हे मी नंतर वाचलं आणि खूप हसले. बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. “वासरांना निदान गाय तरी चाटत असेल,” त्या म्हणाल्या आणि बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

त्या वेळी त्या राहत होत्या ते घर ट्रकवरून आलं होतं. बॉम्बनी घरं पडलेली, लढाईवरून परतलेल्या पोरांची लग्नं झालेली, राहायला जागा नाही. म्हणून सरकारनं कारखान्यात भिंती तयार करून देशभर दीड लाखाहून जास्त बैठी घरं उभी केली. लोक त्यांना प्रीफॅब म्हणायचे. आमच्यापासून जवळच, कॅटफर्डला, अशा १८७ घरांची अख्खी वसाहत होती, जर्मन आणि इटालियन युद्धकैद्यांनी बांधलेली. ही घरं दहा-पंधरा वर्षांच्या बोलीवर उभी केलेली, पण त्यातली काही पुढे पन्नास-साठ वर्षं उभी राहिली. तात्पुरत्या पत्र्याच्या चाळींत आयुष्य काढलेली माणसं आपणही पाहिली आहेत. बाईंचं प्रीफॅब कॅटफर्डचं नव्हतं, थोडं पलीकडचं होतं, पण नमुना तोच: झोपायच्या दोन खोल्या, न्हाणीघर, घरातच संडास आणि स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेला फ्रिज. १९४६मध्ये फ्रिज! सासरचे लोक तो बघायला येऊन गेले. त्यात ठेवायला मात्र काही नव्हतं. माणशी आठवड्याला दोन-अडीच औंस चहा, म्हणजे आपले साठ-सत्तर ग्रॅम. मिळालं तर एक अंडं. मटण वजनावर नाही तर किमतीवर, जेमतेम शिलिंगभराचं. “दार उघडलं की आतला दिवा लागायचा,” बाई म्हणाल्या, “तोच बघायचो.”

लढाई जिंकल्यावर तरी ताट भरेल असं सगळ्यांना वाटत होतं. झालं उलटंच. ऐन युद्धात कधी पाव रेशनवर आला नव्हता, तो २१ जुलै १९४६ला आला आणि दोन वर्षं राहिला. बाईंना तेव्हा सहावा महिना होता. जगभरच गव्हाचा तुटवडा होता. जर्मनीच्या ब्रिटिशांकडे असलेल्या भागात आणि हिंदुस्थानात उपासमारीची भीती होती, असं सरकार सांगत होतं. “तुमच्याकडे पाठवायचा होता म्हणे गहू,” बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्याकडे फार पूर्वी दिलेल्या पातेल्याची आठवण काढावी तसं त्या म्हणाल्या. मला एकदम गिरगावातली आजी आठवली. मुंबईत १९४३पासून रेशनिंग होतं. आजी शेवटपर्यंत त्याला ‘कंट्रोल’ म्हणायची. कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलची साखर. भातावर वाढलेलं कोकणातलं माणूस ते, त्यात हातात गहू पडला की तिचा चेहरा पडायचा. समजा, बाईंच्या तोंडचा तो पाव खरोखरच बोटीत बसून भाऊच्या धक्क्याला लागला असेल, तरी आजीनं तो निवडता निवडता दोन शिव्याच दिल्या असतील.

हे मी बाईंना सांगितलं नाही.

रेशनच्या पुस्तकांचे रंग बाईंना अजून पाठ होते. मोठ्यांचं पिवळट, शाळकरी मुलांचं निळं, आणि गरोदर बाया व पाच वर्षांखालच्या मुलांचं हिरवं. हिरवं पुस्तक हातात असलं की रोजचं पाइंटभर दूध नक्की, संत्री आलीच तर पहिला हक्क तुमचा, शिवाय सरकारी संत्र्याच्या रसाची बाटली आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल. रस घट्ट, पाणी घालून मुलाला चमच्यानं पाजायचा. एका दुपारी बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. त्याआधी ती कुणाला सांगितली नव्हती, असं म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटलं. नवऱ्याला वाढून, मुलाचं आटोपून झालं की त्या कपाट उघडून रसाची बाटली काढायच्या, झाकणात थोडा ओतायच्या, पाणी न घालता, आणि दाराकडे पाठ करून प्यायच्या. रोज नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी. “बाळाच्या वाटणीचा,” त्या म्हणाल्या आणि ओठांवरून जीभ फिरवली. ती चव सत्तर वर्षं तिथेच होती.

सोमवार कपड्यांचा. तांब्याच्या बंबात पाणी उकळायचं, साबण कूपनावर म्हणून वडी किसून टाकायची, चोवीस लंगोट लाकडी दांड्यानं ढवळायचे, मग नीळ. नीळ म्हटल्यावर मी मान डोलावली तर बाईंना कोण आनंद झाला! नीळ हिलाही माहीत आहे! पिळायला दोन लाकडी रुळांचं यंत्र असायचं. त्याचं वर्णन त्या हातवारे करून करत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे रसवंतीतला चरक उभा राहिला, फक्त घुंगरू नसलेला. एका बाजूनं ओला लंगोट घालायचा, दांडा फिरवायचा, दुसऱ्या बाजूनं तो पोळीसारखा चपटा होऊन बाहेर. उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला होता म्हणाल्या. सोमवारी जेवायला रविवारचं उरलेलं थंड मटण, कारण चूल कपड्यांसाठी अडलेली. आमच्याकडे रविवारच्या कोंबडीचा रस्सा सोमवारी उरेल, ही कल्पनाच मला थोडी परकी वाटली.

आणि या सगळ्याच्या मध्ये मूल कुठे होतं? अंगणात. मोठ्या चाकांच्या, नावेसारख्या खोल बाबागाडीत, गळ्यापर्यंत गुंडाळलेलं. मोकळी हवा फुप्फुसांना चांगली म्हणून दोन दुधांच्या मधला वेळ बाबागाडी बाहेर. आजूबाजूच्या प्रत्येक घराबाहेर एकेक उभी. “सगळीकडून रडण्याचा आवाज यायचा,” बाई म्हणाल्या, “आणि प्रत्येक खिडकीत एक बाई उभी असायची, घड्याळ बघत.” कोणी कोणाकडे जात नव्हतं? जायचे की, पण बाळ रडतंय म्हणून कशी जाणार? लोक म्हणतील, हिला जमत नाही. दुपारी दोनला त्या त्याला आत आणायच्या आणि पाजताना रेडिओ लावायच्या. बीबीसीचा ‘वुमन्स अवर’ त्याच ऑक्टोबरात, सातव्या तारखेला सुरू झाला होता, दुपारी दोन वाजता. बायकांच्या कार्यक्रमाला सुरुवातीला निवेदक पुरुष होता. बाईंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. दिवसभरात मोठ्या माणसाचा तेवढाच आवाज घरात यायचा.

इथवर ऐकलं आणि मला वाटलं, झालं, आता आजीची चाळ आठवून एक सुंदर तुलना करावी. तिकडे एकटी बाई खिडकीत, इकडे गिरगावात गॅलरीभर बायका, या मांडीवरून त्या मांडीवर फिरणारं मूल. मी तशी तुलना मनातल्या मनात केलीही, आणि बरेच दिवस त्यावर खूश होते. मग आईशी बोलता बोलता ती सहज म्हणाली, “आई कुठे घ्यायची गं आम्हाला? सासूसमोर आपलं मूल घ्यायची सोय होती का?” मोठा मामाही १९४६चाच. तो बाहेरच्या खोलीत आत्यांच्या, काकूंच्या अंगाखांद्यावर असायचा. आजी आत स्टोव्हपाशी. तो रडला की तिला पान्हा फुटायचा, पदर भिजायचा, पण बाहेरून सासू ‘सूनबाई, पाजा हो याला’ म्हणेपर्यंत हातातलं खाली ठेवायचं नाही. वडीलधाऱ्यांदेखत आपल्याच लेकराचे लाड करणं म्हणजे निर्लज्जपणा. आजीनं मामाचा पहिला पापा घेतला तो मोरीत, त्याला आंघोळ घालताना, दार लोटून. हे तिनं आईला सांगितलं होतं. बाईंची रसाची बाटली आणि आजीची मोरी मला तेव्हापासून एका रांगेत दिसायला लागल्या.

एक दिवस बाईंनी ड्रॉवरमधून पुठ्ठ्याचं एक कार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, चिकटपट्टीनं जोडलेलं, कडा बोटांनी काळवंडलेल्या. बाळाच्या वजनाचं कार्ड. दर आठवड्याला दवाखान्यात तागडीत ठेवून वजन करायचं आणि नर्सबाई पौंड-औंसात लिहायची, निळ्या शाईत, प्रत्येक सात खालून आडवा कापलेला. जानेवारीची शेवटची नोंद १२ पौंड ६ औंस. पुढचे सहा चौकोन कोरे. त्याखाली मार्चचा मध्य: १४ पौंड ९ औंस. मी विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, “बर्फ.”

१९४७च्या त्या हिवाळ्याची आठवण इंग्लंडमधली म्हातारी माणसं अजून काढतात. २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत देशात कुठे ना कुठे रोज बर्फ पडला. खाणी नुकत्याच, एक जानेवारीला, सरकारच्या झाल्या होत्या आणि कोळसा रुळांवर गाड्यांतच गोठून पडला होता. फेब्रुवारीत घरांची वीज रोज पाच तास बंद: सकाळी नऊ ते बारा, दुपारी दोन ते चार. दोनला, म्हणजे बाळाच्या वेळेलाच. प्रीफॅबच्या भिंती पातळ. आतल्या बाजूनं त्यांवर बर्फाची साय धरायची. “आत फ्रिज, बाहेर फ्रिज,” बाई म्हणाल्या. दोरीवरचे लंगोट पत्र्यासारखे ताठ झालेले, घडी घालायला गेलं तर मोडतील असे. बाबागाडी बर्फात रुतली, दवाखान्याचा रस्ता बंद. शेवटी त्यांनी बाळाला उचललं, नवऱ्याचा लष्करातला ओव्हरकोट वरून घेतला आणि त्याला पोटाशी धरून पलंगावर पडून राहिल्या. एक दिवस नाही, जवळजवळ सहा आठवडे, कोळसा आणायला नाहीतर रांगेत उभं राहायला जेवढं उठावं लागे तेवढंच उठून. तो मागेल तेव्हा पाजलं. अंधारात घड्याळ दिसत नव्हतं आणि दिसलं असतं तरी तिथवर जायला गोधडीतून पाय कोण बाहेर काढणार? नवरा कामावर गेलेला, रेडिओ बंद, नर्सबाई नाही, दारात बर्फ. एवढं सांगताना बाई एकदाही ‘हाल’ हा शब्द बोलल्या नाहीत. कार्डावरच्या कोऱ्या चौकोनांवरून अंगठा फिरवत होत्या. मार्चमध्ये दवाखाना गाठला तर वजन नीट वाढलेलं. नर्सबाईनं शाबासकी दिली, वेळापत्रक पाळल्याबद्दल.

“मग तुम्ही सांगितलंत?”

“छे!”

आणि बर्फ वितळल्यावर बाळ पुन्हा अंगणात गेलं. सहा, दहा, दोन. हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही पुरतं कळत नाही. एवढं अनुभवल्यावरही बाई पुन्हा खिडकीत का उभ्या राहिल्या? मी विचारलं तर म्हणाल्या, “सगळ्या उभ्या होत्या.”

पुढची वर्षं त्यांनी भरभर सांगितली, मीही भरभरच ऐकली. मुलगी १९४८च्या ऑगस्टमध्ये झाली. ५ जुलैला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली होती, त्यामुळे पहिल्या वेळी डॉक्टरच्या बिलासाठी नवऱ्यानं घड्याळ विकलं होतं तसं या वेळी काही विकावं लागलं नाही. दुसऱ्या मुलापासून आठवड्याला पाच शिलिंग सरकारी भत्ता मिळायचा, दर मंगळवारी पोस्टात. तो आईच्या हातात पडावा म्हणून एलेनॉर रॅथबोन नावाच्या खासदारबाई आयुष्यभर भांडल्या. मूळ मसुद्यात पैसे बापाला द्यायचे होते. पहिले पाच शिलिंग बाईंनी खर्चच केले नाहीत. एप्रनच्या खिशात ठेवले आणि आठवडाभर काम करताना मधूनमधून हात घालून बघितले. गोळ्या-चॉकलेटं १९४९च्या एप्रिलमध्ये रेशनमधून सुटली, दुकानं रिकामी झाली, ऑगस्टमध्ये परत रेशनवर गेली. मुलगा अडीच वर्षांचा, त्याला ते कसं समजावणार? कायमची सुटली ती १९५३च्या फेब्रुवारीत. मटण सगळ्यात शेवटी, ४ जुलै १९५४ला. त्या दिवशी काय केलंत, विचारलं तर म्हणाल्या, पुस्तक शेगडीत टाकायला गेले, टाकवलं नाही.

एकाच गोष्टीपाशी त्या थांबल्या. मुलगा पाच वर्षांचा असताना टॉन्सिल काढायला इस्पितळात ठेवला. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हा बहुतेक ठिकाणी रीत तीच होती. आईबापांनी दारातून परत जायचं. भेटायला आलात तर मूल रडतं, रडलं तर वॉर्डाची शिस्त बिघडते. त्याचे कपडे आणि बूट कागदात बांधून बाईंच्या हातात दिले. त्या बसनं घरी आल्या, बूट मांडीवर घेऊन. वरच्या मजल्यावर बसले होते, म्हणाल्या, डाव्या बाजूला. पाचव्या दिवशी आणायला गेल्या तर तो शांत उभा होता, अजिबात रडला नाही. नर्स म्हणाली, किती गुणी बाळ. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. रात्री त्या त्याला पांघरूण घालायला गेल्या, तर त्यानं विचारलं, “सिस्टर, मी कधी जाऊ?” बाईंनी हे सांगितलं आणि उठून खिडकीचा पडदा सरळ केला, तो सरळच होता. त्याच सुमारास, १९५१मध्ये, जॉन बोल्बी या डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला की लहानग्यांना आईची ऊब सतत मिळायला हवी. १९५९मध्ये सरकारच्या प्लॅट समितीनं सांगितलं, आईबापांना वॉर्डात मोकळेपणानं येऊ द्या. पोरगं तोवर हाफ पँटमधून फुल पँटमध्ये गेलं होतं.

आता एक गोष्ट, जी मी इतका वेळ सांगायची टाळली.

माझ्या लेकीचं वजन हवं तसं वाढत नव्हतं. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणारी नर्स, तिनं सांगितलं होतं, दर तीन तासांनी पाजायचं, झोपली असेल तर उठवून, आणि लिहून ठेवायचं. लिहायला फोनवर अ‍ॅप होतं. डावी की उजवी, किती मिनिटं, कधी सुरू, कधी बंद, ओले लंगोट किती. वेळ झाली की फोन थरथरायचा. दिवसाचा आलेख निघायचा, हिरवे ठिपके, चुकलं की लाल. त्या पहिल्या दिवशी बाईंनी घड्याळाकडे पाहिलं म्हणून मी रागावून घरी आले, आणि आल्या आल्या आधी अ‍ॅपमध्ये नोंद केली: १.४५, डावी, वेळेआधी. आईला फोन त्यानंतर.

जूनमधला एक मंगळवार. बाईंकडेच होते. ऊन पडलं होतं, खिडकी उघडी, बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. बाळ बाईंच्या मांडीवर झोपलं होतं, तोंड अर्धं उघडं, गालावर त्यांच्या लोकरी स्वेटरची नक्षी उमटलेली. बाईंचा हात तिच्या पाठीवर, नुसता ठेवलेला, थोपटत नव्हता. बोलणं संपलं होतं आणि आम्ही दोघी उगाच बसलो होतो. टेबलावर फोन थरथरला. मी उठले, वाकून बाळाच्या बगलेत हात घालायला गेले.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“दोन वाजले. तिची वेळ झाली.”

बाईंनी हात उचलला नाही. घड्याळ त्यांच्या पाठीशी होतं. त्यांनी मान वळवली नाही.

“कोण म्हणतं?”

मी फोन उलटा घातला आणि बसले. चहा गार झाला होता, तोच प्यायले. बाळ पावणेचारला आपणहून उठलं आणि मग इतकं प्यायलं की तिचे कान हलत होते. मी किती मिनिटं ते बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात हेल्थ व्हिजिटर आली. वजन केलं, ठीक म्हणाली, मग आलेख बघत खाली खाली सरकत गेली. मंगळवारी दुपारपाशी बोट थांबलं. “इथे काहीच नाही?”

मी म्हटलं, “बर्फ पडलं होतं.”

ती हसली नाही. खिडकीतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे, आणि वहीत काहीतरी लिहिलं.